शेवटच्या खांबावरची डिस्क

आमच्या घरातल्या वायफायच्या डब्याला मागच्या बाजूनं एक चपटं भोक आहे. डबा बसवायला आलेल्या माणसाला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे भोक कशाला हो?" तो म्हणाला, "काका, त्याचं तुम्हाला काही काम नाही." मला हे बोलणं आवडलं नाही. मी जन्मभर पाण्याच्या मोटारी बांधल्या. मोटारीच्या अंगावर बिनकामाचं भोक नसतं. भोक पाडायला कारखानेवाल्याला मशीन लागतं, माणूस लागतो, तो उगीच कशाला पाडेल? तेव्हा मी मनात म्हणलं, ह्या भोकाचं काम मी काढतोच शोधून.

मी तिसरीत चार महिने बसलेला माणूस. पुढची अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. नांदेडला आमचं घर दुमजली आहे, खाली वायंडिंगचं दुकान आणि वर राहणं. आता दुकान सूनबाई चालवते आणि माझ्यापेक्षा नेटकी कॉईल भरते, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथं लिहून ठेवतो.

हे काम काय असतं ते थोडं सांगावं लागेल. मोटार जळाली म्हणजे तिच्या पोटातली तांब्याची तार करपते. ती करपलेली तार ओढून काढायची, लोखंडाच्या खाचा साफ करायच्या आणि नव्या तारेचे वेढे परत भरायचे. वेढे जेवढे होते तेवढेच. दोन कमी पडले तर मोटार तापते, दोन जास्त झाले तर उठत नाही. आणि होते किती, हे जुनी तार मोजल्याशिवाय कळत नाही. माझे उस्ताद हैदराबादला शिकून आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता, "बेटा, तार भंगार में बाद में, पहले गिनती." मोजायचं आणि वहीत उतरवायचं. ते उर्दूत उतरवायचे. मला उर्दू येत नव्हती आणि मराठीही धड येत नव्हती, म्हणून मी चित्रं काढायला लागलो.

माझ्या चार वह्या झाल्या. धर्माबादची मोटार असेल तर पानाच्या डोक्यावर मिरची, विष्णुपुरीची असेल तर धरणाची भिंत. एखाद्या गावात मालकाच्या दारात पांगळं कुत्रं असेल तर पांगळं कुत्रं. त्याखाली फूल, फुलाला जेवढ्या पाकळ्या तेवढ्या खाचा. मग वेढ्यांच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या बांधून. तारेच्या जाडीचा नंबर तेवढा आकड्यात.

आणि एक खूण माझी स्वतःची होती, वाकलेला खांब. ते असं आहे की लाईन निघते तिथं विजेचा दाब भरपूर असतो, पण गावोगाव वाटत वाटत ती शेवटच्या खांबावर पोचते तेव्हा तिच्यात जीव राहत नाही. तिथल्या माणसानं मोटार चालू केली की घरातला बल्ब डोळे मिटतो. स्टार्टर खट् करून धरतो आणि खट् करून सोडतो. मोटार उठते, पडते, पुन्हा उठते, आणि एक दिवस धूर सोडते. अशा गावाची मोटार मी पुस्तकाप्रमाणं बांधत नव्हतो. वेढे कमी करायचे, तार जाड घालायची, म्हणजे ती अर्ध्या पोटी सुद्धा ओझं उचलते. किती कमी करायचे हे त्या त्या गावाला जाऊन, मीटर लावून ठरवलेलं असायचं. त्या पानावर वाकलेला खांब.

मुलगा हसायचा. "दादा, ही वही हाय का अंगणवाडीचा फळा?" तरी पुण्याला नोकरीवर जायच्या आधी त्यानं चारही वह्यांच्या एकेका पानाचा फोटो काढला आणि एका काळ्या डिस्कमध्ये भरला. डिस्क केवढी, तर चुन्या-तंबाखूच्या डबीपेक्षा जराशी मोठी. मी म्हणलं, कागद धडधाकट असताना फोटोचं काय काम. दुसऱ्याच वर्षी भिंतीतून वाळवी उतरली आणि तिनं कपाटात माझ्या चारही वह्यांचं पीठ केलं. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "डिस्क हाय ना?" रागावला असता तर बरं झालं असतं.

अशी ती डिस्क आमच्या मंडळींच्या लुगड्यांच्या घडीत पडून होती. लॅपटॉप मुलानं पुण्याला नेलेला. घरात कॉम्प्युटर नाही. फोन तीन, आणि तो भोकाचा डबा.

ज्येष्ठात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे लेक-जावयाला घरी बोलवून पुरणाचे धोंडे घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं. लेक लातूरला दिलेली, जावई तिथं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. ते दोघं आले त्याच दिवशी सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. बिलोलीकडच्या एका गावचा पाणी सोडणारा मोटार घेऊन आला होता. त्या गावात टाकीचा कॉक फिरवणारा हाच.

"मिस्तरी, वळखलं का?"

"तुला न्हाई वळखलं. मोटारीला वळखलं," मी म्हणलं. तिच्या कानशिलावर मी ठोकलेल्या पंचाची खूण होती.

"तुमी बांधलेली बारा उन्हाळे चालली. आवंदा गेली. सरपंच म्हणले, नांदेड लांब पडतं, इथंच जवळ देऊ. त्यानं बुकात बघून बांधली. दोन दिवस नुसती गुरगुरली, तिसऱ्या दिवशी धूर."

"मी भरलेली तार कुठंय?"

"ती त्यानं भंगारात घातली."

"मोजून घातली का?"

तो टेम्पोवाल्याकडं बघायला लागला.

"गावात पाणी?"

"दिवसाआड टँकर. बाया घागरी लावून बसून राहिल्या. काल दोघींची डोकी फुटता फुटता वाचली. मपली आई म्हणती, त्या नांदेडच्या म्हाताऱ्याकडं जा, त्याच्याच हातानं ती हालंल."

आता असं कुणी म्हणल्यावर माणसानं काय करावं. मी म्हणलं, "परवा सांजच्याला टाकीत पाणी चढंल. मपला शब्द हाय."

सूनबाई आतून ऐकत होती. तो चहाला गेल्यावर बाहेर आली.

"मामा, शब्द तर दिला. आकडा कुठाय?"

"वहीत."

"वही वाळवीनं खाल्ली."

"फोटोत."

"फोटो डिस्कमधी. आन डिस्क लावायला घरात काय हाय?"

"भोक हाय," मी म्हणलं आणि जिना चढलो.

वर जावई पाटावर बसले होते. आमच्यात जावई सासऱ्याला मामा म्हणतो. मी डिस्क आणि डबा दोन्ही त्यांच्यापुढं आणून ठेवले. "जावईबापू, ही ह्या भोकात बसती का?"

त्यांनी डबा फिरवून बघितला आणि जरा चकितच झाले. "बसते मामा. हे त्याच्यासाठीच असतं. डिस्क इथं लावली की ज्याच्या फोनला घरचं वायफाय आहे त्याला आतलं सगळं दिसतं. खाली दुकानात सुद्धा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई," मी म्हणलं. वर्षभराची मनातली गाठ सुटली. डबा बसवणारा तो माणूस त्या वेळी समोर असायला पाहिजे होता.

वायर लावली. डिस्कवरचा बारीक दिवा लागला. आणि आतून आवाज यायला लागला, टिक्. थोडा वेळ काही नाही. टिक्. परत काही नाही. टिक्.

जावयांचा हात पुरणावरच थांबला. "मामा, काढा. आधी काढा ती."

मी काढली.

"गेली," ते म्हणाले. "हा टिकटिक आवाज आला की डिस्क गेली समजायची. आतल्या चकतीवर सुई खरडत असेल. आता ती कुठंही लावायची नाही, कुणाच्या कॉम्प्युटरला सुद्धा नाही. लावाल तितकं उरलंसुरलं जाईल. पुण्यात एक जण उघडून आतलं काढून देतो. पंधरा-वीस दिवस लागतात."

"गावाला परवा पाणी पाहिजे."

"मग अंदाजानं बांधा ना. तुमचा एवढा अनुभव आहे."

ते मायेनंच म्हणाले, पण मला लागलं. अंदाज मलाही होता. एकेचाळीस वेढे असतील असं माझं मन सांगत होतं. पण मन सांगतं आणि वही सांगते यात फरक आहे. चुकलो तर मोटार पुन्हा जळेल, पुन्हा टेम्पो, पुन्हा टँकर, आणि त्या म्हातारीनं माझ्या हातांचं जे काही सांगितलं होतं ते खोटं पडेल. जन्मभर मी अंदाजानं एकही मोटार बांधली नव्हती. या वयात सुरुवात करायची नव्हती.

मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. मंडळी माझ्या मागून आल्या आणि दार लोटलं.

"ऐका. धोंड्याचा महिना हाय. जावयाला तुमचं चुकलं असं म्हणायचं न्हाई. एक शब्द काढला तर माझ्याशी गाठ हाय."

"मी कुठं काय म्हणलो?"

"तुमच्या मिशा म्हणून राहिल्या."

मी मिशांवर पाण्याचा हात फिरवला आणि बाहेर आलो.

जेवणं झाली, जावई आडवे झाले. मी दुकानातून पेचकस आणला. मोटारीच्या बेअरिंगला पेचकसाचं टोक लावायचं आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवायची, म्हणजे मोटार पोटातलं सगळं बोलते. डॉक्टरकडं नळी असते, आमच्याकडं पेचकस. माझे डोळे आता अधू झालेत पण कान शाबूत आहेत. मी डबा खिडकीत घेतला आणि डिस्कची वायर उचलली तेवढ्यात सूनबाई वर आली.

"मामा, दाजींनी लावू नका म्हणलंय."

"दाजी झोपलेत."

तिनं आतल्या खोलीत डोकावून बघितलं. मग म्हणाली, "मंग हळू लावा."

पेचकसाचं टोक मी अगदी अलगद टेकवलं. वायर लावली. आणि काय सांगू, आत मोटार होती. एवढीशी, पण मोटारच. पन्नास वर्षं ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातलीच एक. ती ऊं करून उठली, आवाज चढत गेला, अगदी स्वच्छ, कुठं घासणं नाही, खरखर नाही. चढता चढता मध्येच तिची कंबर बसली, टिक्, आणि ती खाली आली. परत ऊं, परत चढली, परत टिक्. मेलेल्या बेअरिंगचा आवाज मला झोपेतही कळतो. हा तो नव्हता. घासणारी मोटार सुरुवातीपासून रडते. ही गात उठत होती आणि कुणीतरी तिच्या पायाखालचा पाट काढून घेत होतं.

"सूनबाई, डब्याचे दिवे बघ. मी परत लावतो."

मी वायर काढून परत लावली. सूनबाई वाकून बघत होती. "मामा, ही उठायला लागली की दिवे मिटून राहिले. टिक् झालं की परत लागले."

"बल्ब डोळे मिटतो," मी म्हणलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. तीही वायंडिंगवाली आहे, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "शेवटचा खांब," ती म्हणाली.

पण आता हे जावयांना सांगायचं कसं? त्यांचं चुकलं म्हणायचं नाही, आणि डब्याच्या आतल्या गोष्टी त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हत्या. ते उठले. चहा आला. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता. मी मांडी घालून समोर बसलो.

"जावईबापू, एक अडाण्याचा सवाल. ह्या डिस्कला जेवायला कोण घालतं?"

"म्हणजे?"

"वीज. कुठून येती?"

"त्याच वायरीतून. राऊटर देतो." वायफायच्या डब्याला ते राऊटर म्हणतात.

"आन राऊटरला?"

"तो छोटा अडॅप्टर असतो ना, भिंतीला लावलेला."

"म्हणजे डब्याचंच ताट लहान, आन त्याच ताटात ही दुसरी जेवायला बसली."

जावई हसले. "तसं म्हणा."

"आता समजा एखादा गावंढळ माणूस आला. मी न्हाई. दुसराच कुणी. तो म्हणला, ही मेली न्हाई, हिला दाब कमी पडून राहिलाय. तर त्याला काय सांगावं?"

लाटण्याचा आवाज थांबला.

"त्याला सांगावं," जावई म्हणाले, "की डिस्कमधली मोटार एवढीशी असते. तिला लागून लागून किती वीज लागणार?"

"तो गावंढळ लई हट्टी हाय. तो म्हणतो, मोटार एवढीशी असो न्हाईतर विहिरीवरची असो, फिरताना कमी खाती आन उठताना चौपट खाती. उठताना जर पोटाला मिळालं न्हाई तर ती पडती, आन पडताना टिक् म्हणती."

जावयांनी कप खाली ठेवला. ते हुशार माणूस आहेत, हुशार माणसाला डिस्क उलटीपालटी करून बघायला लावलं की मला बरं वाटतं. पण शेवटी ते म्हणाले, "तरी मामा, धोका आहे. मी शिकवतो मुलांना, टिकटिक आली की हात लावायचा नाही."

तेव्हा मी खिशातून पक्कड काढली. "मंग मी काय करतो, ह्या वायरीतली लाल तार तोडतो आन तिला फोनच्या चार्जरची लाईन जोडतो. उठली तर उठली."

"मामा, थांबा. तोडू नका." त्यांनी माझं मनगट धरलं. "तोडायची गरज नाही. त्याची तयार वस्तू मिळते."

"काय म्हणलात?"

"हब मिळतो. स्वतःच्या अडॅप्टरचा. डिस्क हबमध्ये लावायची, हब राऊटरला. वीज सरळ भिंतीतून येते, राऊटरवर भार नाही."

"म्हणजे वेगळी लाईन."

"हो. वेगळी लाईन."

"मंग जावईबापू, ही वस्तू निघाली कशी? ह्याच्याआधीबी कुणाची तरी डिस्क शेवटच्या खांबावर बसली असंल, तवाच ना?"

ते मोठ्यानं हसले. सूनबाईनं स्कूटीची किल्ली आधीच हातात घेतली होती. जावयांनी वस्तूचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. अर्ध्या तासात ती हब घेऊन परत आली, चार भोकांची पांढरी पट्टी आणि तिचा वेगळा चार्जर.

अडॅप्टर भिंतीत घातला, डिस्क पट्टीत, पट्टी डब्यात. मी पेचकस कानाला लावला. मंडळी आणि लेक दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ऊं करून उठली. चढली. आणखी चढली. टिक् ज्या जागी यायची ती जागा मला पाठ झाली होती, ती जागा आली आणि मागं गेली. मग तिनं आपला सूर धरला आणि तो धरूनच राहिली. डब्याच्या एका दिव्यानं सुद्धा डोळा मिटला नाही.

मी पेचकस जावयांच्या हातात दिला. "ऐका."

त्यांनी ऐकलं. "मामा," ते म्हणाले, "माझं चुकलं."

मी दोन्ही हात वर केले आणि मंडळींकडं बघितलं. "मी न्हाई म्हणलो. त्येनीच म्हणलं."

"आईकलं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पुढचं काम जावयांचं होतं आणि ते त्यांनी भराभर केलं. डब्याच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड वाचून फोनवर त्याचं पान उघडलं, डिस्क घरातल्या सगळ्या फोनना दिसू दिली. सूनबाईच्या फोनमध्ये डिस्क उघडली. आणि तिचा चेहरा उतरला. मुलानं एकेका फोटोला मराठीत गावाचं नाव घातलं होतं. फोनवर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. एकाखाली एक, शेकडो फोटो, सगळ्यांचं नाव प्रश्नचिन्ह.

"राऊटर जुन्या धाटणीचा आहे," जावई म्हणाले. "त्याला मराठी वाचता येत नाही."

"मलाबी येत न्हवती," मी म्हणलं. "नावं राहू द्या. चित्रं दाखवा."

त्यांनी कुठंतरी दाबलं आणि सगळी पानं काड्यापेटीएवढी होऊन समोर आली. मिरची. धरणाची भिंत. पांगळं कुत्रं. माझी सगळी गावं माझ्याकडं बघत होती. वाळवीनं खाल्लेलं मी पुन्हा बघत होतो आणि डोळ्यांना पाणी येईल असं वाटलं, म्हणून मी सूनबाईला म्हणलं, भराभर सरकव. ती बोटानं सरकवत गेली, मी बघत गेलो. एवढ्या बारक्या चित्रात गावाचं नाव लिहिलेलं असतं तर कुणाच्या बापाला वाचता आलं नसतं.

"थांब. वर घे. हां. हे."

दोन शेंड्यांची शिंदी होती. शिंदीला एकच शेंडा असतो, ते मलाही माहीत आहे. म्हणून तर मी ती काढली होती.

पाणी सोडणारा खाली बाकावर बसला होता, त्याला वर बोलावलं. त्यानं फोन डोळ्याजवळ नेला. "आमच्या गावात असली शिंदी मला तर आठवत न्हाई, मिस्तरी."

"व्हती. मारुतीच्या पाराच्या मागं."

तो म्हणाला, थांबा, आणि आईला फोन लावला. आई ओरडूनच बोलत होती, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "हाव की. दोन तोंडाची शिंदी. तुजा बाप तिच्यावरून पडला व्हता. रस्त्यात गेली ती. आता ते कामून इचारून राहिलास? मोटार कुठंय?"

पान मोठं केलं. छत्तीस पाकळ्या. वाकलेला खांब. आणि रेघा. सूनबाईनं मोजल्या, मी मोजल्या, मग जावयांनी मोजल्या. सात जुड्या आणि वर तीन. अडतीस. पुस्तकात या मोटारीला चव्वेचाळीस आहेत. माझा अंदाज एकेचाळीस होता. माझ्या अंदाजानं बांधली असती तर त्या खांबावर ती गुरगुरतच राहिली असती. माझ्या डोक्यापेक्षा माझी वही खरी निघाली, आणि वही माझीच, तेव्हा यात मला कमीपणा नाही.

त्याच संध्याकाळी खाचा साफ करून झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूनबाई कॉईल भरायला बसली, फोन समोर तेलाच्या डब्याला टेकवून, त्यात माझं पान उघडं. वर डिस्क फिरत होती आणि खाली तिचं पान दिसत होतं. मधल्या जिन्यावर कुणाला धावावं लागलं नाही. दुपारी जावई लुंगीवर दुकानात उतरले आणि खाचांत घालायचे कागद कापून द्यायला लागले. मंडळींनी वरून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला कामाला लावलं. लातूरच्या इहिणबाई काय म्हणतील?"

"आत्या, मला येऊन राहिलंय हे," जावई खालून म्हणाले. सासूबाईंना ते आत्या म्हणतात. कॉलेजात शिकवतात तेव्हा असं बोलत नसतील, पण त्या दिवशी बोलले. त्यांनी कापलेले पहिले चार कागद वाकडे होते. पाचव्यापासून सरळ.

तार मी स्वतः निवडली, पानावरच्या नंबरची, पुस्तकापेक्षा एक नंबर जाड. वार्निश घालून मोटार नांदेडच्या उन्हात ठेवली, त्या उन्हापुढं भट्टीची गरज नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो निघाला. बिलोलीच्या रस्त्यावर मी जाणार होतो, पण गुडघ्यांनी नाही म्हणलं. पाणी सोडणाऱ्याला बजावलं, चालू करताना फोन लाव आणि स्टार्टरजवळ धर. बोलू नको. मला ऐकू दे.

दिवस मावळायच्या आधी फोन आला. मी सगळ्यांना गप्प केलं. तिकडं कावळे ओरडत होते, कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. मग स्टार्टर, खट्. ऊं करून उठली. मी डोळे मिटले. दुसऱ्या खट् ची मी वाट बघत होतो, आयुष्यभर बघत आलो तशी. तो आला नाही. आवाज चढला आणि स्थिरावला, आणि माझ्या ओळखीचा निघाला. बारा उन्हाळ्यांपूर्वी मीच तो त्या गावात ठेवून आलो होतो.

फोनमध्ये पळाल्याचा आवाज आला, धापा, मग लोखंडी शिडी. पाणी सोडणारा टाकीवर चढत होता. वर पोचल्यावर त्यानं काही न बोलता फोन पाइपाच्या तोंडाशी धरला. रिकाम्या टाकीत पाणी पडतं तेव्हा आधी ढोलासारखा आवाज येतो. तसा आला. मी फोन आधी सूनबाईच्या कानाला लावला, मग जावयांच्या, मग मंडळींच्या.

"मिस्तरी," शेवटी तो बोलला, "आई इचारून राहिली, आकडा कुठं घावला?"

"सांग तिला," मी म्हणलं, "शिंदीवर चढून काढला."

दुसऱ्या दिवशी जावई-लेक लातूरला गेले. जाताना वाणाच्या ताटात मी अनारशांच्या बाजूला माझा जुना पेचकस ठेवला, ज्याची मूठ कानाला लागून लागून गुळगुळीत झालेली आहे. मंडळी म्हणाल्या, असलं कुणी जावयाला देतं का? जावयांनी तो सगळ्यात आधी उचलला. कॉलेजात पोरांना दाखवणार म्हणाले, टिकटिक आली की आधी काय करायचं ते.

डिस्क आजही खिडकीत आहे, वेगळ्या लाईनवर. जवळपासच्या दुकानांतले वायंडिंगवाले येतात, पायरीवर बसतात, सूनबाई त्यांना वायफाय देते आणि ते आपापल्या फोनवर माझी पानं बघतात. मराठी येणारे, न येणारे, सगळ्यांना वाचता येतात. नवी वही मी घेतली आहे, कपाट बदललं आहे. तिचं पहिलं पान मोटारीचं नाही. त्यावर एक डबी काढली आहे, डबीत एक चकती, आणि बाजूला वाकलेला खांब. सूनबाईनं त्याचाही फोटो काढून डिस्कमध्ये टाकला.